रक्ताच्या डागाचे कूळ

कोकणासारख्या प्रदेशात मनुष्याच्या अंगावरील वस्त्राला किंवा हातातील हत्याराला रक्ताचा डाग लागणे ही काही असाधारण घटना नव्हे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळीच्या होड्या लागल्या, की सुरमई-बांगड्याच्या टोपल्या उतरविणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या आणि विळीवर ती कापून देणाऱ्या खारवी, गाबीत आणि दालदी कुटुंबांतील स्त्रीपुरुषांच्या कपड्यांवर असे डाग दररोजच पडतात. खेडोपाडी राखणदार देवाला कोंबडा द्यावयाचा असतो, घरी पाहुणा आला तर कोंबडी किंवा बकरे कापावयाचे असते. भातशेतीत रात्री-अपरात्री रानडुकरे शिरतात आणि त्यांचा पाठलाग होतो. आणि पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारावर गुरे घेऊन गेलेल्या गुराख्याच्या पायाला जळू लागली, तर तिच्या लाळेतील द्रव्यामुळे रक्त लवकर थिजत नाही आणि त्याचे वस्त्र त्याच्या स्वतःच्याच रक्ताने भिजून जाते. अशा मुलखात एखादा खून व्हावा, तहकीकातीत एखाद्या इसमाच्या घरातून कोयता आणि सदरा जप्त व्हावा, त्या दोहोंवर वाळलेले तांबूस डाग दिसावेत, आणि एवढ्यावरूनच त्याला गुन्हेगार ठरवावयाचे म्हटले, तर जिल्ह्यातील कितीतरी कष्टकरी माणसांना आपल्या निरपराधित्वाचा दाखला देणे कठीण जाईल.

तो इसम जबानीत सांगतो, की हे रक्त कोंबड्याचे आहे. हे सांगणे खरे असू शकते आणि खोटेही असू शकते, आणि शतकानुशतके न्यायासनापुढे बसलेल्या माणसाला त्या दोहोंतील भेद ओळखण्याचे कोणतेही साधन नव्हते. खऱ्या खुन्याला जी सबब तारून नेई, तीच सबब निरपराध माणसाच्या तोंडी आली म्हणजे कोणी तिच्यावर विश्वास ठेवीत नसे. डागातील रक्त मनुष्याचे की पशूचे, हे निश्चित सांगणारी विद्या अवघी सव्वाशे वर्षांची आहे, आणि माझ्या मते अपराध्याला पकडून देण्याइतकेच निरपराध्याला सोडविणे हे तिचे कार्य असल्यामुळे, न्यायसाहाय्यक शास्त्रांत तिला फार वरचे स्थान दिले पाहिजे.

प्रयोगशाळेत मुद्देमाल दाखल झाला म्हणजे रक्त कोणाचे हा प्रश्न प्रथम उपस्थितच होत नाही. प्रथम विचारावयाचे ते हे, की डाग रक्ताचा आहे काय. रातांब्याचा रस, पानाची पिंक, काजूच्या बोंडाचा चीक, लोखंडाचा गंज, आणि ज्या जांभ्या दगडाने कोकणातील घरे आणि गडगे उभारले जातात त्याची लाल धूळ, या सर्वांचे डाग जुने झाले म्हणजे केवळ डोळ्यांनी त्यांची रक्ताच्या डागापासून निवड करणे अनुभवी फौजदारालाही साधत नाही. रक्तातील रंगद्रव्यात लोहयुक्त असा जो अंश असतो, तो हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन घडवून आणतो, आणि त्यातून मोकळा झालेला प्राणवायू फिनॉल्फ्थॅलीनच्या रंगहीन केलेल्या द्रावणाला क्षणार्धात गुलाबी करतो. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅस्टल आणि मेयर या शास्त्रज्ञांनी प्रचारात आणलेली ही चाचणी आजही वापरात आहे. पूर्वी याच कामी बेंझिडीन हे द्रव्य वापरीत, परंतु ते कर्करोगाला कारण होते असे सिद्ध झाल्यावर ते मागे पडले. मात्र मुळ्यासारख्या कित्येक वनस्पतींतील विकरेही हाच गुलाबी रंग दाखवू शकतात, गंजही कधी कधी फसवितो, म्हणून या चाचणीचा कौल केवळ प्राथमिक मानावयाचा असतो. तो कौल पक्का करावयाचा, तर टाइखमान याने १८५३ साली दाखविल्याप्रमाणे डागाच्या कणावर मीठ आणि तीव्र ॲसेटिक आम्ल घालून त्यास उष्णता द्यावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी, तिरपे चौकोनी स्फटिक दिसतात काय ते पाहावे. किंवा ताकायामा या जपानी शास्त्रज्ञाने १९१२ साली सुचविलेल्या द्रावणाने गुलाबी, पिसासारखे स्फटिक पाडून पाहावेत. हे स्फटिक मिळाले म्हणजे डाग रक्ताचा यात संशय राहत नाही. परंतु बांगड्याचे रक्त आणि मनुष्याचे रक्त या दोहोंपासून मिळणारे स्फटिक सारखेच असतात, आणि खऱ्या अडचणीला येथूनच आरंभ होतो.

या अडचणीवर मात करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात पुष्कळ झाले, आणि त्यांतील काही तर आज ऐकताना आश्चर्य वाटावे असे होते. पॅरिसमधील बारुएल नावाच्या रसायनज्ञाने १८२९ साली असे प्रतिपादन केले, की रक्तात गंधकाम्ल मिसळले असता त्या त्या प्राण्याचा विशिष्ट गंध बाहेर पडतो आणि जाणत्या नाकाला त्यावरून प्राण्याची जात ओळखता येते. नाकाच्या साक्षीवर मनुष्याचा प्राण अवलंबून ठेवण्याची ही कल्पना सुदैवाने टिकली नाही. त्याहून अधिक सयुक्तिक मार्ग सूक्ष्मदर्शकाचा होता. मासा, पक्षी, सर्प आणि बेडूक यांच्या तांबड्या रक्तपेशी लांबट असतात आणि त्यांत केंद्रक असते. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशी वाटोळ्या आणि केंद्रकरहित असतात, फक्त उंटाच्या कुळातील प्राण्यांच्या तेवढ्या लांबट. म्हणजे ताजे रक्त मिळाले, तर कोळ्याच्या सदऱ्यावरील मासळीचे रक्त आणि मनुष्याचे रक्त यांची निवड सूक्ष्मदर्शकाने होऊ शकते, आणि कोंबड्याची सबब खरी की खोटी हेही त्याच साधनाने कळू शकते. परंतु बकरे, गाय, डुक्कर, कुत्रा हे सारे सस्तन. तेथे आकारमानावाचून दुसरी खूण नाही. मनुष्याच्या तांबड्या पेशीचा व्यास सुमारे साडेसात मायक्रॉन, कुत्र्याच्या पेशीचा सुमारे सात, तर बकरीच्या पेशीचा जेमतेम चार. कागदावर हे आकडे आशादायक दिसतात. पण डाग वाळला म्हणजे पेशी आकुंचन पावतात, फुटतात, परस्परांना चिकटतात, आणि पुन्हा द्रवात भिजवून त्यांना मूळ आकार आणता येतोच असे नाही. साडेसात आणि सात यांमधील अर्ध्या मायक्रॉनच्या भरवशावर शपथेने साक्ष देणारे तज्ज्ञ त्या शतकात युरोप-अमेरिकेच्या न्यायालयांत उभे राहिले, आणि त्यांच्याच व्यवसायातील विवेकी माणसांनी त्यांचा निषेधही केला.

हा कूटप्रश्न सुटला तो रक्ताच्या रंगाने किंवा पेशींच्या आकाराने नव्हे, तर प्राणिशरीर परकीय द्रव्याला जो प्रतिकार करते त्याच्या अभ्यासाने. जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथील विद्यापीठात पाउल ऊलनहूट हा तरुण वैद्य काम करीत होता. एखाद्या सशाच्या शरीरात कोंबडीच्या अंड्याचा पांढरा बलक थोडाथोडा टोचीत गेले, तर काही आठवड्यांनी त्या सशाच्या रक्तद्रवात असे प्रतिद्रव्य उत्पन्न होते, की ते कोंबडीच्या अंड्याच्या द्रावणात मिसळताच निवळ द्रावण गढूळ होऊन साका बसतो, हे त्याने पाहिले. आणि मग बलकाच्या जागी निरनिराळ्या प्राण्यांचे रक्त घेऊन तोच प्रयोग केला. ज्या सशाला मनुष्याचे रक्त टोचलेले आहे, त्याचा रक्तद्रव मनुष्याच्या रक्ताबरोबर साका देतो. गाईच्या, घोड्याच्या, मेंढीच्या रक्ताबरोबर देत नाही. महत्त्वाची गोष्ट ही, की रक्त वाळलेले असले, पेशी नष्ट झालेल्या असल्या, तरी मिठाच्या पाण्यात उतरलेली त्यातील प्रथिने आपली ओळख विसरत नाहीत. हा शोध ऊलनहूटने १९०१ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केला, आणि त्याच महिन्यात वासरमान आणि श्यूत्से यांनी बर्लिनमध्ये स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष मांडला. बेल्जियमचा बोर्दे आणि इतर संशोधक यांनी या मार्गाची पूर्वतयारी केलेली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. शास्त्रात एकट्याचे श्रेय क्वचितच असते.

या शोधाची कसोटी पाहणारा प्रसंग त्याच वर्षी आला. बाल्टिक समुद्रातील र्‍यूगेन बेटावर, गोरेन नावाच्या गावी, १९०१ च्या जुलैच्या आरंभी दोन लहान भाऊ खेळावयास गेले ते परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी रानात त्यांची छिन्नविच्छिन्न शरीरे आढळली. लुडविग टेसनोव नावाचा एक फिरस्ता सुतार त्या मुलांशी बोलत असताना लोकांनी पाहिला होता. त्याच्या घराच्या झडतीत नुकतेच धुतलेले, तरीही डाग राहिलेले कपडे मिळाले. त्याचा जबाब असा, की काही डाग लाकडाला द्यावयाच्या रंगाचे आहेत आणि काही जनावराच्या रक्ताचे. तपासात पुढे निष्पन्न झाले, की तीन वर्षांपूर्वी ओस्नाब्रुकजवळच्या लेश्टिंगेन या खेड्यात दोन लहान मुलींचा तसाच क्रूर वध झाला होता, त्या वेळीही हाच इसम पकडला गेला होता, त्या वेळीही त्याने लाकडाच्या रंगाचीच सबब सांगितली होती, आणि ती खोडून काढणे कोणालाच शक्य नसल्यामुळे तो सुटला होता. शिवाय गोरेनच्या त्या भावांच्या खुनापूर्वी काही आठवडे त्याच परिसरातील एका शेतकऱ्याच्या मेंढ्या अज्ञात माणसाने कुरणात कापून टाकल्या होत्या, आणि पळून जाणारा माणूस हाच, अशी ओळख त्या शेतकऱ्याने पटविली. सरकारी वकिलांच्या कानी ऊलनहूटच्या शोधाची वार्ता गेली आणि टेसनोवचे कपडे ग्राइफ्सवाल्डला रवाना झाले. ऊलनहूटने एकेक डाग स्वतंत्रपणे मिठाच्या पाण्यात उतरविला आणि प्रत्येकाची निरनिराळ्या रक्तद्रवांशी गाठ घातली. काही डाग मेंढीच्या रक्ताचे निघाले, काही मनुष्याच्या.

हे प्रकरण मी विस्ताराने सांगितले, कारण त्या निष्कर्षात या विद्येचे सारे मर्म साठविलेले आहे. एकाच सदऱ्यावर मनुष्याचे आणि पशूचे असे दोन्ही डाग असू शकतात, आणि आरोपीचे अर्धे म्हणणे खरे असूनही उरलेले अर्धे त्याच्या विरुद्ध जाऊ शकते. म्हणून प्रत्येक डाग हा स्वतंत्र साक्षीदार समजून त्याची स्वतंत्र जबानी घेतली पाहिजे. मिरकरवाड्यावर काम करणाऱ्या माणसाच्या कपड्यावरील एकच डाग तपासून तो मासळीचा निघाला म्हणून बाकीचे सोडून देणे, किंवा एक डाग मनुष्याचा निघाला म्हणून सारे कापड मनुष्याच्या रक्ताने माखले आहे असे लिहिणे, या दोन्ही चुका सारख्याच घातक. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रभू बाबाजी नवले विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात, ज्याचा निवाडा १९५६ च्या निर्णयसंग्रहात छापलेला आहे, नेमका हाच मुद्दा मांडला: प्रत्येक वस्तूवर किती डाग आढळले आणि प्रत्येकाचा विस्तार किती होता हे, डाग अतिसूक्ष्म किंवा अगणित नसतील तर, नमूद करणे हे रासायनिक परीक्षकाचे कर्तव्य होय.

हिंदुस्थानात ही विद्या फार लवकर आली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील सदरलँड या अधिकाऱ्याने रक्ताचे डाग आणि त्यांचे मूळ या विषयावर १९०७ साली एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि १९१० साली कलकत्त्यास हिंदुस्थान सरकारच्या सिरॉलॉजिस्टचे, म्हणजे रक्तद्रवपरीक्षकाचे, खाते सुरू झाले. मुंबई इलाख्यापुरती व्यवस्था अशी होती, की जिल्ह्यातून जप्त झालेला मुद्देमाल मुंबईस सरकारी केमिकल ॲनालायझरकडे जाई, तेथे डाग रक्ताचा आहे की नाही हे ठरे, आणि रक्ताचा ठरल्यास तो कापलेला तुकडा पुढे कलकत्त्यास जाऊन तेथून मूळ कोणाचे याचा अहवाल येई. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात पंचांसमक्ष लाखेची मोहर लागलेले पुडके प्रथम बोटीने किंवा घाट चढून मुंबईस, आणि मग आगगाडीने अर्धा हिंदुस्थान ओलांडून हुगळीच्या काठी पोहोचावयाचे. आणि कोकणच्या हवेत आधीच दमट झालेल्या त्या कापडावर या प्रवासात काय संस्कार होत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. त्या काळच्या निवाड्यांतून रक्ताचे विघटन झाल्यामुळे मूळ ठरविता आले नाही असा जो शेरा वारंवार आढळतो, त्याच्या मुळाशी हे अंतर आणि ही हवा पुष्कळ अंशी असावी असे मला वाटते. आज महाराष्ट्राचे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय मुंबईत कालिना येथे आहे, पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर आदी ठिकाणी त्याच्या प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत, आणि रत्नागिरीतही एक लघु प्रयोगशाळा आहे. तरी पोलीस ठाण्यांत आणि न्यायालयांत या अहवालाला अद्यापि सी. ए. रिपोर्ट हेच जुने नाव चालते.

चाचणीची कृती दिसावयास सोपी, परंतु तिचे पथ्य फार कडक. डागाचा लहानसा तुकडा मिठाच्या पाण्यात भिजवून अर्क काढावयाचा. जुन्या जर्मन शिस्तीप्रमाणे हा अर्क एक हजारपट विरळ करावयाचा, आणि सशाचा रक्तद्रव इतका प्रभावी असावयाचा, की वीस हजारपट विरळ केलेल्या मानवी रक्तालाही त्याने ओळखावे. अरुंद नळीत खाली रक्तद्रव आणि वर अर्क असे दोन थर अलगद रचले, की जेथे ते भेटतात तेथे काही मिनिटांत पांढरे कडे उमटते. पुढे स्वीडनच्या ऊख्टरलोनी याने १९४८ च्या सुमारास ही भेट अगारच्या पातळ थरात घडवून आणली: थरात छिद्रे पाडून एकात अर्क आणि समोरच्यात रक्तद्रव ठेवला, की दोन्ही परस्परांकडे झिरपत जातात आणि मधोमध पांढरी रेषा उभी राहते. शेजारच्या छिद्रात ज्ञात मानवी रक्त ठेवले असता दोन्ही रेषा अखंड जुळल्या, तर दोन्ही द्रव्ये एकच. परंतु साका बसला म्हणजे मनुष्याचे रक्त, असे म्हणण्याची घाई करून चालत नाही. कातडे कमावण्याच्या द्रव्यांत आणि पुष्कळ झाडांच्या सालींत टॅनिन असते, ते कोणत्याही प्रथिनाचा साका पाडते. म्हणून चामड्याच्या वहाणेवरील किंवा झाडाच्या बुंध्यावरील डाग परीक्षकाला विशेष सावधपणे हाताळावा लागतो. यासाठी डागाजवळच्याच स्वच्छ कापडाचा, सालीचा किंवा मातीचा तुकडा तुलनेसाठी घेतला पाहिजे, आणि त्याचा अर्क निवळच राहतो असे दिसले पाहिजे. पंचनाम्याच्या वेळी हा निर्डाग तुकडा उचलावयाचा राहून गेला, तर पुढे प्रयोगशाळेतील कोणतीही कुशलता ती उणीव पुरेपूर भरून काढू शकत नाही.

याखेरीज एक मर्यादा निसर्गानेच घालून दिलेली आहे, आणि ती फार उद्बोधक आहे. केंब्रिज येथील जॉर्ज नटल याने जगाच्या कानाकोपऱ्यांतून शेकडो प्राण्यांच्या रक्ताचे नमुने गोळा करवून त्यांच्यावर हजारो चाचण्या केल्या आणि १९०४ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात असे दिसून आले, की जे प्राणी उत्क्रांतीच्या वंशवृक्षात परस्परांच्या जवळ आहेत, त्यांचे रक्त परस्परांच्या रक्तद्रवाला थोडाफार प्रतिसाद देते: मेंढीच्या विरुद्ध तयार केलेला रक्तद्रव बकरीलाही ओळखतो, गाईचा म्हशीला, कुत्र्याचा कोल्ह्याला, आणि मनुष्याच्या विरुद्ध तयार केलेला रक्तद्रव वानरकुळातील प्राण्यांना कमीअधिक प्रमाणात ओळखतो, पुच्छहीन कपींना अधिक आणि माकडांना कमी. एका सशाच्या रक्ताने डार्विनच्या सिद्धांताला दिलेली ही पुष्टी होती. पण रत्नागिरीच्या संदर्भात तिला व्यावहारिक अर्थही आहे, कारण येथील बागायतदार माकडांच्या आणि वानरांच्या उपद्रवाने त्रासलेले आहेत, आणि जखमी माकडाचे रक्त कोयत्याला किंवा कुंपणाला लागलेले असणे येथे अशक्य कोटीतील नाही. अर्क पुरेसा विरळ करणे आणि आवश्यक तेथे रक्तद्रवातील परकी प्रतिद्रव्ये आधी शोषून काढणे या उपायांनी ही अडचण बरीच दूर होते. तथापि कोकणात काम करणाऱ्या परीक्षकाने ती विस्मृतीत जाऊ देता कामा नये.

अलीकडे मनुष्याच्या हीमोग्लोबिनला ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या निघाल्या आहेत. त्यांवर अर्काचे दोन-चार थेंब टाकले, की काही मिनिटांत रेघ उमटते, आणि घटनास्थळीही त्या वापरता येतात. त्यांचाही एक विलक्षण दोष असा, की रक्त फार दाट असले तर पट्टीवरील प्रतिद्रव्ये गुदमरल्यासारखी होऊन रेघ उमटतच नाही. म्हणजे थेंबभर रक्ताला होकार मिळतो आणि थारोळ्याला नकार, आणि अर्क विरळ करून पुन्हा पाहिल्यावाचून नकारावर विश्वास ठेवता येत नाही. याहून मूलगामी साधन म्हणजे डीएनए. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसले तरी पांढऱ्या पेशींत ते असते, आणि शिवाय पेशीतील तंतुकणिकांत डीएनएच्या शेकडो प्रती असतात. त्यांतील सायटोक्रोम-बी या जनुकाची अक्षरमाला वाचली, की प्राण्याची जाती सांगता येते. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत लालजी सिंग आणि त्यांचे सहकारी वर्मा यांनी २००३ साली अशी एक पद्धती प्रसिद्ध केली, की जिच्यायोगे प्राणी कोणता याचा आधी अंदाज नसतानाही असंख्य जातींपैकी तो नेमका कोणता हे ठरविता येते. वन्यप्राण्यांच्या हत्येच्या तपासात हिचा उपयोग मोठा, कारण तेथे प्रश्न उलट असतो: आरोपी म्हणतो रक्त बकऱ्याचे, आणि वनखात्याला संशय असतो भेकराचा, पिसोरीचा किंवा खवले मांजराचा. मात्र रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर ही शास्त्रदृष्ट्या एकाच जातीची असल्यामुळे त्यांच्यातील भेद एवढ्याने कळत नाही, त्यासाठी वेगळ्या खुणा पाहाव्या लागतात.

आता या अहवालाचे न्यायालयात वजन किती. अशा सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलाविताही पुराव्यात घेता येतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे. पण मनुष्याचे रक्त एवढेच शब्द अहवालात असले, तर ते कोणत्या मनुष्याचे हे त्यात नसते. जळू लागलेल्या गुराख्याचे, दाढी करताना कापलेल्या माणसाचे, फार काय, चिरडलेल्या डासाच्या पोटातून कापडावर उतरलेले रक्तही मनुष्याचेच निघेल. म्हणून रक्तगट आणि आता डीएनए यांनी पुढचा दुवा सांधावा लागतो. दुसऱ्या टोकाला मूळ अनिश्चित असा शेरा येतो, आणि त्याचा अर्थ लावण्यात वकिलांची खरी झुंज होते. राजस्थान राज्य विरुद्ध तेजाराम या १९९९ च्या निवाड्यात दोन कुऱ्हाडी होत्या. एकीवर मनुष्याचे रक्त सिद्ध झाले, दुसरीवरील रक्त इतके विघटित झालेले की मूळ ठरेना. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ ठरले नाही म्हणजे ते रक्त मनुष्याचे नव्हते असे होत नाही, आणि अशा प्रत्येक शेऱ्याचा लाभ आपोआप आरोपीला मिळत नाही. पुढे २०१९ साली बलवान सिंग विरुद्ध छत्तीसगड राज्य या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले, की यासंबंधी ठरीव सूत्र असू शकत नाही. जप्तीच संशयास्पद असेल, तर रक्त मनुष्याचे होते आणि मृताच्या गटाचे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षावरच येते. हा निवाडा मला अधिक न्याय्य वाटतो. विघटित डाग मौन पाळतो. त्या मौनाचा अर्थ एका पक्षाच्या बाजूने लावावयाचा, तर तो डाग जेथून आला तो मार्ग आधी निष्कलंक असला पाहिजे.

आणि हा मार्ग कोकणात सर्वांत बिकट असतो तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक या चार महिन्यांत. रक्ताला उन्हाने आणि उष्णतेने जितका अपाय होतो त्याहून अधिक ओलाव्याने होतो. ओल्या कापडावर जंतू आणि बुरशी वाढतात, आणि ज्या प्रथिनांवर सारी चाचणी अवलंबून तीच त्यांचे अन्न होतात. म्हणून शास्त्राचा दंडक असा, की डागाळलेले वस्त्र सावलीत, खेळत्या हवेत पूर्ण वाळू द्यावे, कागदी लखोट्यात स्वतंत्र बांधावे, प्लास्टिकच्या पिशवीत कधीही कोंडू नये, दोन वस्तूंचे डाग परस्परांना लागू देऊ नयेत, आणि विलंब न लावता प्रयोगशाळेस सुपूर्द करावे. जुलै महिन्यात मुसळधार पाऊस कोसळत असताना, वीज गेलेली असताना, एखाद्या किनाऱ्यावरील ठाण्यातील हवालदाराने ओलाचिंब सदरा कोठे आणि कसा वाळवावा, याचे उत्तर त्या दंडकात नाही. तो बिचारा मिळेल त्या पिशवीत तो सदरा बांधतो, मुद्देमाल रजिस्टरात नोंद करतो, आणि खोलीच्या कोपऱ्यात ठेवून देतो.

नव्या संहितेच्या कलम १७६ मध्ये अशी तरतूद आली आहे, की सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा केलाच पाहिजे. ही व्यवस्था उभी करण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे, आणि संहिता अमलात आली ती १ जुलै २०२४ पासून. तज्ज्ञ घटनास्थळी जाऊ लागले म्हणजे निर्डाग तुकडा उचलावयाचा राहून जाणे, एका पिशवीत दोन वस्तू कोंबणे, डाग मोजल्यावाचून पुडके बांधणे या उणिवा कमी होतील अशी आशा बाळगण्यास जागा आहे. परंतु तज्ज्ञाने कितीही काटेकोरपणे उचललेला सदरा अखेर ठाण्याच्या मुद्देमाल खोलीतच काही काळ राहणार. त्यामुळे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतील प्रत्येक ठाण्यात डागाळलेली वस्त्रे वाळविण्यासाठी पंखा आणि विजेचा पर्यायी पुरवठा असलेले एक लहानसे बंद कपाट असावे, त्याची किल्ली एकाच अंमलदाराच्या ताब्यात असावी, आणि वस्तू केव्हा ठेवली, केव्हा काढली याची नोंद रोजनाम्यात व्हावी, ही मागणी जिल्हा पोलीस दलाने आणि येथील वकील मंडळींनी मिळून सरकारकडे केली पाहिजे. आणि ती पुढच्या पावसाळ्याच्या आधी मान्य व्हावी.